कॉम्पोझिट ऑमिट नकाशा : आधी प्रश्न, मग सेटिंग

प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकल्यावर परावर्तनांची तीव्रता तेवढी मोजता येते. त्या तरंगांची कला, म्हणजे एक तरंग दुसऱ्याच्या किती पुढे-मागे आहे हे, मोजणीत हरवते आणि बहुधा हाती असलेल्या मॉडेलवरूनच घ्यावे लागते. नकाशाचे रूप तीव्रतेपेक्षा कलांवर अधिक अवलंबून असते, हे जी. एन. रामचंद्रन आणि आर. श्रीनिवासन यांनी 1961 मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे चुकीच्या जागी बसवलेली साखळीही इलेक्ट्रॉन घनतेत खरीखुरी भासते.

यावर उपाय म्हणून मॉडेलचा थोडा थोडा भाग आळीपाळीने वगळून, उरलेल्या अणूंवरून कला काढून, त्या त्या भागाची घनता पाहायची आणि असे सगळे तुकडे जोडून पूर्ण नकाशा, म्हणजेच कॉम्पोझिट ऑमिट नकाशा, तयार करायचा, ही पद्धत रूढ झाली. मात्र भाग नुसता काढून टाकल्याने काम भागत नाही, कारण शेजारचे अणू त्याच्या सोबतीनेच परिष्कृत, म्हणजे मोजलेल्या तीव्रतांशी जुळवून घेतलेले, असतात आणि त्यांच्या स्थानांत त्याची छाप उरते. 2.8 अँगस्ट्रॉम विभेदनाच्या, दुसऱ्या प्रथिनाच्या मॉडेलवरून सोडवलेल्या संरचनेत ही छाप पुसण्यासाठी सिम्युलेटेड ॲनिलिंग, म्हणजे गणनेत मॉडेलला हजारो केल्विनपर्यंत तापवून सावकाश थंड करणे, वापरावे; 1.5 अँगस्ट्रॉमच्या, पूर्णत्वास आलेल्या संरचनेला बहुधा साधे परिष्करण पुरते. एका वेळी सुमारे 5 टक्के अणू वगळण्याचा प्रघात योग्यच आहे, कारण हे प्रमाण फार वाढवले तर उरलेल्या अणूंवरून निघणाऱ्या कलाच बिघडतात.

लिगँडचा, म्हणजे प्रथिनाला जोडल्या गेलेल्या लहान रेणूचा, प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तिथे कॉम्पोझिट नकाशावर विसंबणे इष्ट नव्हे. लिगँड वगळताच रिकाम्या झालेल्या खाचेत संगणक द्रावकाची सपाट घनता भरतो आणि क्षीण लिगँड तिच्यात बुडून जातो. 2017 मध्ये मांडलेला पोल्डर नकाशा त्या खाचेत द्रावक शिरू देत नाही. परंतु तिथे प्रत्यक्षात द्रावकच असेल तर त्याचीही घनता उठून दिसते, म्हणून केवळ घनता आहे एवढ्यावर न थांबता तिचा आकार लिगँडशी जुळतो का, हे तपासलेच पाहिजे.

केवळ ‘ऑमिट नकाशा’ एवढीच चित्रओळ वाचकाला यातले काहीच सांगत नाही. काय वगळले, नंतर परिष्करण झाले की ॲनिलिंग, द्रावकाचे काय केले आणि घनता किती सिग्मावर (नकाशाच्या प्रमाण विचलनाच्या किती पटीवर) दाखवली, हे लेखकांनी चित्राखालीच नोंदवावे.