पोटगीपुरती आई



यंदा मातृदिनाच्या आधी आमच्या जुन्या शहरातल्या एका मंडळाचे दोन कार्यकर्ते घरी आले. मला ‘आदर्श माता’ पुरस्कार द्यायचा होता. मी जन्माने हिंदू, नवरा मुसलमान, त्याच्या वारलेल्या पहिल्या बायकोची मुलगी मी वाढवली, म्हणून मी ऐक्याचं प्रतीक! फोटोसाठी मी ठसठशीत कुंकू लावावं आणि मुलीनं बुरखा घालून शेजारी उभं राहावं, एवढीच विनंती. माझी मुलगी बुरखा घालत नाही आणि मी कुंकू लावणं सोडून बरीच वर्षं झाली. पुरस्कार नाकारला. चहा मात्र पाजला.

नाकारला तो नम्रपणामुळे नव्हे. आई म्हणून माझा सत्कार व्हावा असं मला वाटतंच. पण माझं आईपण ज्यांना हारतुऱ्यापुरतं दिसतं, त्यांना ते कागदावर कधी दिसत नाही, हे मी पंचवीसहून जास्त वर्षं पाहते आहे.

1996 साली आम्ही विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलं. आमची नावं तीस दिवस कचेरीतल्या फळ्यावर होती. तेवढ्यात कोण कोण माहेरी जाऊन आलं त्याची यादी द्यायला बसले तर अंक पुरणार नाही. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. वर्षभर तिनं मला कशानंच हाक मारली नाही. नुसती येऊन उभी राहायची. मग गल्लीतल्या पोट्ट्यांचं ऐकून एक दिवस ‘आई’ म्हणाली. गेलेली ती अम्मी, मी आई. तिच्यापुरता प्रश्न तिथंच मिटला. सासूनं कामं वाटून घेतली : “बेटी को नमाज मैं सिखाऊंगी, गिनती तू सिखा.” ती रोजे धरायची तेव्हा पहाटे सहरीला मी उठवायची. भुलाबाईच्या दिवसांत ती गल्लीतल्या मुलींबरोबर गाणी म्हणायची आणि आमच्या घरची खिरापत कुणाला ओळखता येऊ नये म्हणून ईदच्या उरलेल्या शेवया डब्यात लपवायची. दोन्हीकडच्या बायकांनी नाकं मुरडली, पण खाल्ल्या सगळ्यांनी. 1999 साली मला मुलगा झाला. तेव्हा शेजारची काकू म्हणाली, “आता तुले तुयं पोट्टं झालं बाप्पा.” तोवर काय होतं, हे मी तिला विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

2003 मध्ये मुलीच्या पोटात एकाएकी असह्य कळा आल्या. अपेंडिक्स. नवरा रुईच्या गाठी घेऊन सुरतेच्या वाटेवर, मोबाईल नव्हता. दवाखान्यात संमतीचा कागद पुढे आला आणि त्यावरच्या माणसानं दोन्ही नावं वाचून विचारलं, “सख्खी की सावत्र?” मी खोटं बोलायला हवं होतं. खरं बोलले. सही घेतली नाही. बाळापूरहून दीर येईपर्यंत पोरगी कण्हत होती. त्याच्या सहीवर ऑपरेशन झालं. आता यातली गंमत पाहा : चुलतासुद्धा कायद्यानं तिचा नैसर्गिक पालक नव्हता. पण तो पुरुष होता, आणि आडनाव एक होतं.

नंतर मी कायदा वाचून काढला. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, 1956, कलम 6. त्याखाली एक स्पष्टीकरण आहे : या कलमात आई आणि बाप म्हणजे सावत्र आई आणि सावत्र बाप नव्हेत. मुस्लिम कायद्यात तर सख्खी आईसुद्धा मुलाच्या मालमत्तेची पालक होत नाही, तिच्याकडे फक्त सांभाळणं. मग सावत्र आईचं नावच कशाला? जे दोन धर्म आमच्या गावात एकमेकांच्या मिरवणुकीचा रस्ता ठरवू शकत नाहीत, त्यांचं इथं एकमत आहे. माझं लग्न निधर्मी कायद्याखालचं, म्हणून मला भारतीय वारसा कायदा लागू. त्यातही मी मृत्युपत्र न करता गेले तर माझ्या नावावरच्या दोन खोल्यांतला एक चौरस फूटही मुलीला मिळणार नाही. सगळा मुलाला आणि नवऱ्याला. मृत्युपत्र केलं आहे, नोंदवलंही आहे. तुमच्यापैकी कुणी सावत्र आई असेल तर हे वाचून होताच करा.

पण याच सावत्र आईला कायदा एका ठिकाणी ओळखतो. 1996 साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की निपुत्रिक सावत्र आई विधवा असेल किंवा नवरा पोसू शकत नसेल, तर सावत्र मुलाकडे पोटगी मागू शकते. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात तर ‘पालक’ या व्याख्येतच सावत्र आईबाप आहेत. म्हणजे म्हातारपणी भाकर मागताना मी आई. ती पोर तापानं फणफणते तेव्हा, शाळेच्या दाखल्यावर, बँकेच्या फॉर्मवर, मी कोणीच नाही! आमचे वऱ्हाडातले पुढारी दर अधिवेशनात ‘विदर्भाला सावत्रपणाची वागणूक’ म्हणून गळा काढतात. एकदा तरी या शब्दाचा त्यांनी विचार केला आहे का?

आता थोडं आपल्या घरातलं. रागावू नका.

मातृत्वाच्या उदात्तीकरणावर आपण खूप लिहिलं, ते योग्यच होतं. आई म्हणजे त्याग, आई म्हणजे देव, असं म्हणत बाईला चुलीशी बांधून ठेवलं गेलं. पण त्या भरात आईपणाच्या हक्काचा प्रश्नही आपण अर्धाच सोडला. 1999 साली गीता हरिहरन खटल्याच्या निकालानं बाप हयात असतानाही तो गैरहजर वा बेफिकीर असेल तर आई पालक होऊ शकते हे मान्य झालं, तेव्हा आपण आनंदलो. मीही त्यात होते. त्याच कलमाखालचं ते स्पष्टीकरण तसंच राहिलं. त्यावर मोर्चा सोडा, एक ठरावसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. दर 3 जानेवारीला आपण सावित्रीबाईंच्या फोटोला हार घालतो. यशवंत त्यांच्या पोटचा नव्हता, काशीबाई नावाच्या विधवेचा होता, हे आपण भाषणात सांगतो आणि पुढच्या वाक्यात ‘पोटच्या पोरासारखा’ म्हणतो. ‘सारखा’ कशासाठी?

आंतरधर्मीय जोडप्यांना आपण रजिस्टर कचेरीपर्यंत सोबत करतो. पुढचं त्यांचं त्यांनी पाहावं. डिसेंबर 2022 मध्ये राज्य सरकारनं आंतरधर्मीय विवाहांची माहिती गोळा करायला ‘परिवार समन्वय समिती’ नेमली, तेव्हा आपण सगळ्या मिळून विरोधात उभ्या राहिलो. त्या निषेधात जोडीदार निवडण्याचा हक्क होता. आमची मुलं कुठं होती? ज्या सरकारला माझ्या घरात कोण कुणाशी लग्न करून राहतं ते जाणून घ्यायचं होतं, त्याला विचारायला हवं होतं, की मग या घरातल्या पोरीच्या आईचं नाव तुमच्या कोणत्या रकान्यात बसतं?

13 मे 2023 ची रात्र अकोल्यात कुणी विसरलेलं नाही. जुन्या शहरात दगडफेक, जाळपोळ, एक माणूस गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद. दुसरा दिवस रविवार, 14 मे, मातृदिन. मुलगी मोर्णेपलीकडे तिच्या घरी, बाळंत होऊन तीन आठवडे झालेले. साध्या फोनवर रडत म्हणाली, “आई, अंगावर येत नाही दूध, काय करू?” मी खिडकी लावून, दबक्या आवाजात, बाळाला छातीशी कसं धरायचं ते सांगत बसले. खाली पोलिसांची गाडी उभी होती. तिच्या सासूनं पलीकडून शतावरीचं विचारलं, मी अळिवाचं सांगितलं.

वाट अजिबात नाही असं नाही. 2014 साली शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बालन्याय कायद्याखाली कोणत्याही धर्माच्या व्यक्तीला मूल दत्तक घेता येतं. पुढे 2017 च्या दत्तक नियमांत सावत्र आईबापांना रीतसर जागा मिळाली. 2022 पासून आदेश जिल्हाधिकारी देतात. मूल मात्र अठरा वर्षांच्या आतलं हवं. माझी मुलगी 2017 साली सव्वीसची होती. आमच्यासाठी ती वाट उघडली तेव्हा आम्ही पुढे निघून गेलो होतो. आता कायद्यात मी तिची आई कधीच होणार नाही. तिच्याकडून पोटगी तेवढी मागू शकते.

पण आज सहा, आठ, दहा वर्षांच्या मुली ज्यांच्या पदरात आहेत, अशा बाया माझ्या माहितीत याच गल्लीबोळांत पाच आहेत. दोघी मुसलमान, दोघी बौद्ध, एक माळ्याची. एकीलाही दत्तकाचे नियम ठाऊक नव्हते. आपल्या सल्ला केंद्रांच्या फॉर्मवर ‘मुलं किती’ विचारतात, ‘कुणाची’ हे कोणी मोकळेपणानं सांगत नाही, आणि आपणही विचारत नाही. येत्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे : कलम 6 खालचं स्पष्टीकरण काढून टाकण्याची मागणी, आणि सावत्र आयांसाठी कागदपत्रांचं एक दिवसाचं शिबिर. येताना मुलांचे जन्मदाखले, लग्नाची नोंद आणि असल्यास पहिल्या आईचा मृत्यूचा दाखला घेऊन या. झेरॉक्सचं मी पाहते.