दार उघडण्यापूर्वी

गेल्या रमजानमधली गोष्ट. मगरिबला दहा-बारा मिनिटे उरली होती. मिरजेच्या बाजारात आम्ही रस्त्याच्या कडेला गाडी लावली. खजूर आणि बर्फ घ्यायचा होता. आरशात पाहिले न पाहिले आणि दार उघडले. मागून एक तरुण मोटारसायकलवर येत होता. मागे बायको, दोघांच्या मध्ये तीनेक वर्षांचे मूल. त्याने हँडल वळवले, त्याचा आरसा आमच्या दाराला घासून गेला. मोटारसायकल डगमगली, पण पडली नाही. मागची एस.टी. अजून लांब होती, म्हणून ते तिघे वाचले. अल्लाहचे शुक्र. तो थांबला आणि एवढेच म्हणाला, "चाचा, बघून उघडत जा."

त्या दिवशी इफ्तारचा घास घशाखाली उतरेना.

आम्ही स्वतः वीस वर्षे मोटारसायकल चालवली आहे. चारचाकीवाल्यांना तेव्हा मनातल्या मनात काय काय म्हणायचो, ते इथे लिहिण्यासारखे नाही. जुनी का होईना, गाडी दारात आली आणि आम्ही त्यांच्यातलेच एक झालो.

ईदनंतर एका सकाळी धाकट्याला मोकळ्या मैदानात नेले. तो कॉलेजला मोटारसायकलवर जातो, वेगाने जातो. त्याला गाडीत चालकाच्या जागेवर बसवले आणि आम्ही त्याची मोटारसायकल घेऊन गाडीभोवती फिरलो. डाव्या बाजूला, मागच्या दाराजवळ उभे राहिलो. "दिसतो का?" आतल्या आरशात नाही, बाहेरच्या आरशात नाही. मग तीस-पस्तीस फुटांवर, समोर उजवीकडे तिरके उभे राहिलो. समोरच्या काचेच्या कडेला जो खांब असतो, त्याच्याआड आम्ही मोटारसायकलसह गडप! त्याने मान पुढे काढली तेव्हा कुठे दिसलो. पोरगा गप्प झाला. रोज तो गाड्यांच्या त्याच डाव्या कोपऱ्यातून पुढे घुसतो, आणि गाडीवाला आपल्याला पाहतो आहे असे धरून चालतो.

चौकात वळताना आम्ही आता मान पुढे-मागे करून खांबाआड पाहतो. मोटारसायकल लहान दिसते, म्हणून ती आहे त्याहून लांब आणि सावकाश येते आहे असे वाटते, हेही लक्षात ठेवतो. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालू राहतो, तो याचसाठी. आपले लोक मात्र अजून हाताची बोटे उघडझाप करून "लाइट चालू आहे" असे सांगत सुटतात!

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. आमच्या घरात दोन्ही वाहने एकाच छपराखाली उभी असतात. बहुतेक वाचकांच्या घरीही तसेच असेल. गाडीवाला आणि मोटारसायकलवाला ही दोन वेगळी माणसे नाहीत, बाप-लेक आहेत.

इफ्तारच्या वेळच्या घाईवर आमच्या बेगमनी सोपा तोडगा काढला. गाडीत आणि मोटारसायकलच्या पिशवीत, दोन्हीकडे चार खजूर आणि पाण्याची बाटली. अजान झाली की कडेला थांबायचे, रोजा सोडायचा, मग निघायचे. घरची भजी थोडी थंड होतात, त्याला इलाज नाही.

आणि दाराचे म्हणाल, तर चालकाने ते डाव्या हाताने उघडायचे. दार उजवीकडे, हात डावा. म्हणजे अंग आपोआप वळते आणि नजर मागच्या रस्त्यावर जाते. सवय व्हायला आम्हाला महिना लागला. उजवा हात पुढे गेला की बेगम त्यावर चापट मारीत.

परवा मागच्या सीटवरून नातीने विचारले, "नाना, मी डावीकडे बसलेय. मग कुठला हात?"

उजवा, बेटा. आणि आधी मागे बघ.