निळी वायर म्हणजे न्यूट्रल? आमच्या घरात नाही!



आज एका आठवणीबरोबर थोडी तक्रारही सांगतो.

आमचे घर बडोद्याला दांडिया बाजारात. आईकडे ॲल्युमिनियमचा तो गोल ओव्हन होता, झाकणाला काच असलेला. दिवाळीत त्यात नानखटाई व्हायची, घरभर वेलचीचा वास. त्याच्यासोबत काही पुस्तक आले होते की नाही, कोणाला ठाऊक! वायर अण्णांनी जोडली. आणि नंतरही, त्याला आतून हात लावायचा म्हटले की ते आधी खिशातला टेस्टर काढत. आम्ही हसायचो.

गेल्या वर्षी स्वयंपाकघर नवे केले. सूनबाईंच्या हौसेने भिंतीत बसणारा ओव्हन आला. सोबत जाडजूड पुस्तक, भाषा दहा-बारा. त्यात मराठी नाही, गुजराती नाही, हिंदीही नाही. पाच मॉडेलना मिळून एकच पुस्तक. त्यात लिहिलेले २३०० वॅट, आणि ओव्हनच्या दाराजवळच्या पट्टीवर ३१०० वॅट. २३० व्होल्टने भागून बघा: पहिल्याला १० ॲम्पिअर, दुसऱ्याला जवळजवळ साडेतेरा. मग वायर आणि एमसीबी कुठल्या आकड्याने ठरवायची? पुढे म्हणे, प्लगमध्ये १३ ॲम्पिअरचा फ्यूज घाला. अहो, तो प्लग इंग्लंडचा! आपल्या १६ ॲम्पिअरच्या प्लगात फ्यूज नसतो. आणि शेवटी 'स्थानिक नियमांनुसार जोडणी करावी' एवढे छापून कंपनी मोकळी.

खरी गोम रंगांत होती. पुस्तकात तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंग. युरोपात ते बरोबर. पण आपल्याकडच्या वायरिंगमध्ये लाल, पिवळी आणि निळी हे तीन फेज, आणि न्यूट्रल काळी. आमच्याकडे थ्री-फेज मीटर. स्वयंपाकघरात आलेला फेज नेमका निळा. वायरमनने चित्र पाहिले, निळीला निळी जोडली, उरलेली तपकिरी काळीला. मी विचारले, "टेस्टर लावलास का रे?" तर म्हणाला, "बुकमां लख्युं छे, काका."

ओव्हन चालू झाला, केकही मस्त फुगला. फेज-न्यूट्रल उलटे झाले तरी ओव्हन गरम व्हायचा थांबत नाही, म्हणून तर कोणाला शंका येत नाही.

पाच महिन्यांनी आतला बल्ब गेला. सूनबाई बदलायला निघाल्या. ओव्हनचे बटण बंद होते, भिंतीवरचा स्विच मात्र आम्ही कोणीच बंद केला नव्हता, ही आमची चूक. मी सवयीने म्हटले, "थांब जरा", आणि अण्णांचा तोच टेस्टर होल्डरला लावला. लागला! बटण बंद, तरी आत करंट. ओव्हनचे बटण फेजऐवजी न्यूट्रल तोडत होते. पोरीचे बोट तिथे गेले असते तर? अजून आठवले की पोटात गोळा येतो.

कंपनीला फोन केला. उत्तर मिळाले, "चूक वायरमनची." अर्धे खरे आहे. त्याने टेस्टर लावायलाच हवा होता. पण जे पुस्तक रंग सांगते आणि 'आधी तपासून बघा' हे सांगत नाही, त्याची काहीच जबाबदारी नाही? भारतात ओव्हन विकायचा, पैसे इथले घ्यायचे, आणि कागद परदेशातला द्यायचा, हे मला पटत नाही. इथल्या रंगांचे, इथल्या प्लगचे, त्याच मॉडेलचे एक पान छापायला किती खर्च येतो? आणि ते हिंदीत, गुजरातीत, मराठीतही असावे. वायर जोडणारा माणूस वाचू शकेल अशा भाषेत.

तोवर आपणच सांभाळायचे. आकडा पुस्तकातला नको, ओव्हनच्या पट्टीवरचा घ्या. रंगावर विश्वास नको. फेज कुठला ते परवानाधारक वायरमनकडून टेस्टरने आणि मीटरने तपासून घ्या. अर्थिंग बघा, आरसीसीबी बसवा. आणि ओव्हनच्या आत हात घालण्याआधी मेन बंद.

अण्णांना आम्ही उगाच हसायचो. तो टेस्टर आता माझ्या खिशात असतो.

तुमच्याकडे इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावला असे काही घडले असेल तर जरूर लिहा.