दान कीं देणें?

२०१७ सालच्या पावसाळ्यांत यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले आणि विसांहून अधिक जण दगावले. नागपुराहून यवतमाळ कांहीं फार लांब नाहीं. पण आपल्या सुशिक्षित समाजाच्या मनापासून तें किती दूर आहे हें मोजावयाचें झाल्यास, त्या प्रसंगीं आपण कोणता शब्द वापरला एवढेंच पाहावें. सरकारनें मृतांच्या कुटुंबांस प्रत्येकीं दोन लक्ष रुपयांची ‘सानुग्रह मदत’ जाहीर केली, आणि त्या ‘अनुग्रहा’त कांहीं खटकण्यासारखें आहे असें आपणांस वाटलें नाहीं. ज्याचें आपण देणें लागतों त्यास दान करणें ही उदारता नव्हे. देणें बुडविण्याचा तो एक सभ्य प्रकार आहे.

या देण्याचा आधार केवळ भूतदया नव्हे, कायदा आहे. १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा २०१७ सालीं अंमलांत होता. त्याच्या तरतुदी पुढें २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंत घेण्यांत आल्या. भरपाईचा हक्क कोणाकोणास आहे याची जी यादी त्या कायद्यास जोडलेली होती, तींत शेतीवर कीटकनाशकें फवारणाऱ्या मजुराचा स्पष्ट उल्लेख होता. व्यवसायजन्य रोगांच्या यादींतही मोनोक्रोटोफॉससारख्या सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांच्या बाधेस स्थान होतें. अशा कामावरील मजुरास ती बाधा झाली, तर उलट सिद्ध होईपर्यंत ती कामामुळेंच झाली असें कायदा मानी. मालकाचा दोष दाखविण्याचें ओझें मजुरावर नव्हतें. आतां हिशेब पाहा. समजा, महिना सहा हजार रुपये मिळविणारा तीस वर्षांचा मजूर दगावला. मासिक वेतनाच्या निम्म्यास वयानुसार ठरलेल्या २०७.९८ या अंकानें गुणावें, असा नियम. म्हणजे रक्कम ६,२३,९४० रुपये झाली. दोन लक्षांचा अनुग्रह आणि सव्वासहा लक्षांचा हक्क यांमधील अंतर कोणाच्या पदरचें गेलें, हें सांगावयास नकोच.

यावर एक आक्षेप हटकून येतो: “मजुरांनीं हातमोजे घातले नाहींत, तोंडास फडकें बांधलें नाहीं, दोन-तीन औषधें एकत्र कालवलीं; त्यास कोण काय करणार?” हा आक्षेप घेणाऱ्यांनीं सप्टेंबरच्या दमट उन्हांत, डोक्याहून उंच पऱ्हाटींत, पाठीवर पंप घेऊन एक प्रहर तरी उभें राहून पाहावें. फवारा वर मारावा तर तो अंगावरच उतरतो. कीटकनाशकांविषयींच्या १९७१ च्या नियमांप्रमाणें फवारणाऱ्यास योग्य संरक्षक पोशाख असणें आवश्यक आहे. पण तो पोशाख त्याच्या अंगावर चढला कीं नाहीं हें पाहावयास बांधावर कोण गेलें होतें? आणि निष्काळजीपणा क्षणभर गृहीत धरला, तरीही मृत्यूच्या बाबतींत हुकूम मोडल्याची सबब १९२३ च्या कायद्यानें मालकास ठेवली नव्हती. शंभर वर्षांपूर्वींच्या परकी राज्यकर्त्यांचा कायदाही मृताच्या कुटुंबाशीं आपल्या दिवाणखान्यांतील मतापेक्षां अधिक सौजन्यानें वागत होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मजुराचा मालक म्हणजे बहुधा दोन-चार एकरांचा, कर्जांत बुडालेला शेतकरी. त्याजकडून सहा लक्ष कोठून निघणार? शिवाय पुष्कळ ठिकाणीं फवारणारा आणि शेताचा धनी एकच. त्यानें भरपाई मागावी तरी कोणाकडे? हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. पण त्यावरून निघणारा निष्कर्ष मात्र मान्य नाहीं. मालक दुबळा असेल तर हक्क सोडावयाचा नसतो, देणेकरी बदलावयाचा असतो. ज्या कारखान्यांत तें विष बाटलींत भरलें जातें, तेथील मजुरासाठीं १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानें वर्गणींतून निधि उभारण्याची वाट दाखविली. बाटली भरणाऱ्यास विमा आणि ती रिकामी करणाऱ्यास अनुग्रह, ही कोणती नीति? प्रत्येक बाटलीच्या विक्रींतून उत्पादकानें अल्पसा भाग एका निधींत भरावा. त्यांतून फवारणाऱ्यास, मग तो मजूर असो वा शेतकरी, प्रथम भरपाई मिळावी, आणि दोषाची चौकशी मागाहून खुशाल चालावी.

अशी सोय नसली म्हणजे काय होतें? २०२० सालीं यवतमाळकडील ५१ कुटुंबांच्या वतीनें सिंजेंटा कंपनीविरुद्ध थेट स्वित्झर्लंडांतील बर्न येथें तक्रार गेली. दोन विधवा आणि बाधेंतून वांचलेला एक शेतकरी यांनीं बाझलच्या न्यायालयाची वाट धरली. कंपनीनें आरोप नाकारले आहेत, आणि त्या वादाचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. पण ज्या बाईस तालुक्याच्या कचेरींत दाद लागावयाची, तिला न्यायासाठीं सातासमुद्रांपलीकडील दार ठोठवावें लागावें, यांत लाज कोणाची?

आपल्यापैकीं कित्येकांची गांवीं शेती आहे. ती सालदारावर सोपवून आपण शहरांत राहतों आणि कापसाचे पैसे घेतों. निधि होईल तेव्हां होवो. तोंवर निदान आपल्या शेतावर फवारणाऱ्याचा विमा उतरावा, मजुरीची नोंद ठेवावी, औषधाची पावती व बाटली जपावी, आणि बाधा झाल्यास तीं कागदपत्रें घेऊन मजुराच्या बाजूनें उभें राहावें. आपलें मीठ खाऊन तो आजारी पडलेला नाहीं. त्याचें आयुष्य खर्चून आपला कापूस पिकला आहे. हा व्यवहार आहे, आणि व्यवहारांत देणें चुकतें करावयाचें असतें.