मेबलचा हुकूम

मूकपटांच्या काळातल्या धुमाकुळी विनोदी फिती म्हटल्या की चॅप्लिन, कीटन, लॉरेल-हार्डी अशी पुरुषांचीच नावं तोंडी येतात. बायका असतात त्या फटके खाणारी जाडी बायको किंवा पळवून न्यायची सुंदर मुलगी म्हणून. मेबल नॉर्मंडचं नाव आपल्यातल्या किती जणींनी ऐकलं असेल?

मॅक सेनेटने १९१२ मध्ये अमेरिकेत कीस्टोन कंपनी काढली, तेव्हापासून मेबल तिथली प्रमुख नटी. १९१४ मध्ये ती दिग्दर्शनही करत होती. ‘मेबल ॲट द व्हील’ या चित्रपटात नवख्या चॅप्लिनला तिच्या हाताखाली काम करायची वेळ आली. ती एकवीस वर्षांची, तो चोवीस.

रस्त्यावर पाणी मारायच्या दृश्यात त्याने एक गंमत सुचवली. नळीवर नकळत पाय द्यायचा, पाणी का थांबलं म्हणून तोंडाशी डोकावायचं, पाय निघाला की चेहऱ्यावर फवारा. (लुमिएर बंधूंच्या फितीत १८९५ सालीच हे होऊन गेलं होतं!) मेबल म्हणाली, वेळ नाही, सांगितलंय तेवढं कर. चॅप्लिन रस्त्याच्या कडेला जाऊन बसला. काम बंद.

ही हकिकत त्यानेच १९६४ च्या आत्मचरित्रात दिली आहे. मेबल देखणी, गोड, सर्वांची लाडकी; पण दिग्दर्शक म्हणून तिची कुवत नव्हती, असा निकालही तिथे आहे. पन्नास वर्षांनंतर! भांडला तो पुरुष दिग्दर्शकांशीही, हे खरं. पण त्यांना नाकारताना त्यांच्या रूपाचं कौतुक करायची गरज त्याला पडली नाही.

सेनेट त्याला काढून टाकणार होता. तेवढ्यात न्यूयॉर्कहून चॅप्लिनच्या आणखी फिती पाठवा अशी तार आली, आणि लवकरच चॅप्लिन स्वतःच्या फितींचा दिग्दर्शक झाला. ‘मेबल ॲट द व्हील’च्या दिग्दर्शनाचं श्रेय आज मेबलबरोबर सेनेटच्याही नावे दिलं जातं.

गरिबाच्या बाजूचा म्हणून चॅप्लिन आपल्याला जवळचा, आणि तो तसाच राहू दे. पण शिबिरात त्याची फीत लावाल तेव्हा हीसुद्धा लावा. तिच्यात खलनायक चॅप्लिन मेबलच्या मित्राला शर्यतीआधी डांबून ठेवतो, वाटेवर पाणी ओतून मोटारी घसरवतो. मित्राच्या जागी मेबल चाक हाती घेते आणि शर्यत जिंकते.