आखाड्याच्या दारावरचे नाव

महाराणा प्रताप नगर म्हटले की भोपाळकरांच्या डोळ्यांपुढे कचेऱ्या, बँका आणि शिकवणी-वर्गांच्या पाट्यांची दाटी उभी राहते. झोन एक काय नि झोन दोन काय, पाटीवर पाटी! अभ्यासाच्या या धावपळीतून वेळ काढून आपल्या मराठी घरांतील मुले-मुली कराटे, तायक्वांदो शिकू लागली आहेत, याचा आम्हांस आनंदच आहे. मात्र वर्गाहून परतलेल्या मुलाला ‘तुला कोण शिकवितात?’ असे विचारले, तर ‘सर’ एवढेच उत्तर येते. ‘आणि सरांना कोणी शिकविले?’ असे पुढे विचारले, तर ते आपल्या तोंडाकडे पाहत राहते.

यात मुलांचा दोष नाही. गुरूचा गुरू कोण, हे सांगण्याची रीतच आता मागे पडली आहे. ती रीत कशी असे, याचे एक उदाहरण आपल्यासारख्याच महाराष्ट्राबाहेर स्थिरावलेल्या मराठी माणसांच्या शहरात, बडोद्यात, आजही पाहावयास मिळते.

तेथील दांडिया बाजारात एक आखाडा आहे. कोणास पत्ता विचारावा, तर लोक ‘माणिकरावांचा आखाडा’ म्हणून बोट दाखवितात. संस्थेचे नाव मात्र ‘श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर’ असे आहे. जुम्मादादा हे मुसलमान वस्ताद. माणिकराव, म्हणजे गजानन यशवंत तांबे, हे त्यांचे पट्टशिष्य. गुरूच्या पश्चात माणिकरावांनी आखाडा सांभाळला आणि त्याची कीर्ती दूरवर नेली. कुस्ती, मल्लखांब, लाठी, बनेटी, जंबिया हे सारे तेथे शिकविले जाई. कवायतीसाठी इंग्रजी आज्ञांऐवजी त्यांनी देशी आज्ञा रूढ केल्या. मोडलेले हाड बसविण्यातही त्यांचा हात वाखाणला जाई. ‘राजरत्न’ हा किताब त्यांच्या नावामागे लागला. एवढ्या लौकिकाच्या पुरुषाला संस्थेवर स्वतःचे नाव घालावयास कोण अडविणार होते? पण नाव राहिले ते जुम्मादादांचेच.

शिष्याने गुरूविषयी लिहिलेली आठवण याहून बोलकी कोणती असणार? लोकांनी आपल्याला शिकविणाऱ्याचे नाव तोंडी ठेवले, आणि त्या शिकविणाऱ्याने आपल्याला शिकविणाऱ्याचे. अशी दोन नावे एका वास्तूवर सुखाने नांदत आली. ‘दादा’ या मराठमोळ्या हाकेत धर्माचा भेद कोणी आड येऊ दिला नाही, हेही आजच्या काळी मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

माणिकरावांचे शिष्यही तसेच निघाले. बडोद्याजवळच्या डभोईत १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे हे १९०७ ते १९१० या काळात माणिकरावांपाशी शिकले. हेच पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्ध झाले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. वाट आखाड्याहून निराळी होती. योगमार्गातील त्यांचे गुरू परमहंस माधवदासजी होते. तरीही कुवलयानंदांचे चरित्र सांगताना पहिल्या गुरूचा, माणिकरावांचा, उल्लेख कैवल्यधामाच्या परंपरेत आदराने होतो. शिष्य मोठा झाला म्हणून पहिली इयत्ता शिकविणारा विसरला गेला नाही.

अशा आठवणी जपल्या नाहीत तर काय होते? मल्लखांबाचे उदाहरण घ्या. दुसऱ्या बाजीरावाच्या काळी बाळंभटदादा देवधरांनी ही विद्या पुन्हा उभी केली. वणीच्या सप्तशृंगीवर प्रत्यक्ष मारुतिरायाने त्यांना ती दाखविली, अशी कथा आखाड्यांतून सांगतात. कथा गोड आहे, श्रद्धेने ऐकावी अशीच आहे. पण खांबावरून घसरलेल्या पोराला दादा काय म्हणत, रागावत की हसत, हे कोणी लिहून ठेवल्याचे आमच्या वाचनात नाही. दंतकथा तगली, माणूस मात्र धूसर झाला.

हाच मल्लखांब २०१३ साली आपल्या मध्य प्रदेशाचा राज्य-खेळ ठरला. उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० साली द्रोणाचार्य पुरस्कार लाभला. विद्या आपल्या दारी आली आहे. तिच्याबरोबर तिची माणसेही घरात यावीत, एवढीच आमची इच्छा.

म्हणून वाचकांस एक विनंती. आपल्या घरी आजोबा, काका, आत्या यांपैकी कोणी बडोद्यास, इंदूरला, ग्वाल्हेरला वा अमरावतीस आखाड्यात घाम गाळला असेल, तर त्यांच्याजवळ बसून त्यांचे वस्ताद कसे होते ते विचारून घ्यावे. त्यांचे पराक्रम राहू द्यात. त्यांचा आवाज, त्यांची शिस्त, चुकल्यावर मिळालेला रट्टा आणि नंतर पाठीवरून फिरलेला हात, हे लिहून घ्यावे. चार ओळी पुरेत. आणि मुलांनाही सांगावे की, या वेळी वर्गाला गेलात की आपल्या सरांना त्यांच्या सरांचे नाव अवश्य विचारा. विचारल्यावर सरांचा चेहरा कसा खुलतो, तेही घरी येऊन सांगा.