रीस्टार्ट करा म्हणे!

मंडळी, गेले तीन विकांत इथे काही लिहिलं नाही. कारण नेहमीचंच, आळस. पण काल हाफिसात जेवताना एका सहकाऱ्याने एक वाक्य टाकलं आणि घास घशातच अडकला. विषय चालला होता मशीन चालू असतानाच एसएसडीचं फर्मवेअर बदलण्याचा. तो म्हणाला, "अरे, एवढा खटाटोप कशाला? रीबूट मारायचा. रीबूटला काय पैसे पडतात का?"

पडतात. किती पडतात ते सांगतो.

मी मूळचा शहाद्याचा. शहाद्याहून पन्नासेक किलोमीटरवर, सातपायरीचा घाट चढून गेलं की तोरणमाळ लागतं. पुण्यातली माणसं 'थंड हवेचं ठिकाण' एवढंच ओळखतात. यशवंत तलाव, सीताखाई, फोटो, भजी, परत. पण तिथे माणसं राहतात, शाळा आहेत, आणि पावसाळ्यात किंवा वारा सुटला की वीज कुठे जाते ते कुणालाच ठाऊक नसतं. आणि आमच्याकडे कॉम्प्युटर नवीन आहे असंही समजू नका. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्याच तालुक्यातल्या टेंभलीत वाटलं होतं, खुद्द पंतप्रधानांच्या उपस्थितीत. म्हणजे कॉम्प्युटर आमच्याकडे वाजतगाजत आला. तो बंद पडल्यावर बघायला मात्र कुणी वाजतगाजत येत नाही.

तर वरच्या एका निवासी शाळेत आम्ही चार-पाच मित्रांनी मिळून एक पेटी बसवली होती. पेटी म्हणजे पंखा नसलेला छोटा कॉम्प्युटर, आत एक स्वस्तातली एनव्हीएमई एसएसडी. ना मॉनिटर, ना कीबोर्ड. कपाटात कुलूपबंद, इन्व्हर्टरला जोडलेली. रेंज भरवशाची नाही, म्हणून दहावीचे धडे, व्हिडिओ, जुने पेपर सगळं त्या पेटीत भरलेलं, आणि मुलं वायफायवरून ते टॅबवर बघायची. त्यातला सगळ्यात मोलाचा भाग म्हणजे तिथल्याच एका सरांनी पावरीत रेकॉर्ड केलेलं गणित. मुलांच्या घरी पावरी बोलतात, पुस्तक मराठीत. "समीकरण सोडवा" म्हणजे नक्की काय करायचं ते आपल्या भाषेत ऐकल्यावर डोक्यात शिरतं. हे रेकॉर्डिंग महाजालावर कुठेही सापडणार नाही. (बॅकअप होता. पुण्यात. त्याचा तिथल्या मुलांना काय उपयोग?)

फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या एसएसडीच्या कंपनीची सूचना आली. जुन्या फर्मवेअरमध्ये दोष आहे, काही काळाने ड्राइव्हवर काहीच लिहिता येणार नाही, ताबडतोब अपडेट करा. इथे कुणी म्हणेल, चालतंय ना, मग हात कशाला लावायचा? तर त्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या ग्राहकांना कळवलं, की आमच्या काही एसएएस एसएसडी बरोब्बर ३२,७६८ तास चालल्या की मरतील. म्हणजे ३ वर्षं, २७० दिवस आणि ८ तास. ड्राइव्हही परत येणार नाही आणि आतला डेटाही नाही. १६ बिटांत चिन्हासकट मावणारा सगळ्यात मोठा आकडा ३२,७६७. आता तुम्हीच काय ते समजा! मार्च २०२० मध्ये दुसरी सूचना आली, काही दुसऱ्या ड्राइव्हज ४०,००० तासांनी मरणार. आणि यातली खरी मेख अशी, की एका सर्व्हरमधल्या सगळ्या ड्राइव्हज साधारण एकाच दिवशी बसवलेल्या असतात. म्हणजे त्या मरणारही एकाच दिवशी. एक गेली तर दुसरी सांभाळेल म्हणून जे रेड लावतो, त्याचा इथे शून्य उपयोग. उपाय एकच, तास भरायच्या आत नवं फर्मवेअर चढवा. तेव्हा "हात लावू नका" हे शहाणपण या बाबतीत चालत नाही.

म्हणून मार्चच्या पहिल्या शनिवारी रात्री, तोरणमाळला रेंज आलेली बघून, मी पुण्यातून पेटीत शिरलो. दोनेक एमबीची फाईल. आधी ड्राइव्हलाच विचारलं, बाई, तुला रीसेट न होता नवं फर्मवेअर सुरू करता येतं का? हे विचारायची रीतसर सोय आहे. ड्राइव्ह स्वतःची ओळख सांगते त्यात यासाठी एक बिट राखून ठेवलेला असतो. तो बिट १ होता. म्हणजे "येतं." मी फाईल चढवली आणि 'आत्ताच चालू कर' असा हुकूम दिला. उत्तर आलं, रीसेट लागेल. येतं म्हणून सांगितलंन् आणि ऐन वेळी हात वर केले!

बरं, रीबूट मारला. पेटी परत आली, फर्मवेअर मात्र जुनंच. मग कंपनीच्या कागदावर बारीक अक्षरात सापडलं, की वीज पूर्ण काढून पुन्हा द्यावी. सरांना फोन केला. ते बिचारे टॉर्च घेऊन कपाटापाशी गेले, प्लग काढला, माझ्या सांगण्यावरून दहा आकडे मोजले, प्लग लावला. "लागली बघा लाईट, सर!" मी पुण्यात वाट बघतोय. पाच मिनिटं, दहा मिनिटं, अर्धा तास. पेटी काही आलीच नाही.

दहावीचे पेपर तेव्हा सुरू झालेले होते आणि गणित अजून व्हायचं होतं.

त्याच आठवड्यात ८ तारखेला महाशिवरात्र. तोरणमाळला गोरखनाथाची मोठी यात्रा भरते, लांबलांबून माणसं येतात, घाटात गाड्यांची रांग. सुट्टी मिळवून, एसटीने रात्रभर बसून, शहाद्याहून एका ओळखीच्या जीपमध्ये दाटीवाटीने मी वर पोचलो तो पुढच्या शनिवारी. यात्रेकरू उतरत होते आणि मी पाठीवर मॉनिटर घेऊन चढत होतो. पेटीला मॉनिटर लावला. पडद्यावर एकच ओळ. तारीख-वेळ हरवली आहे, पुढे जायला एफ वन दाबा.

बस. एवढंच. मदरबोर्डावरचा गोल सेल संपलेला होता. इन्व्हर्टरवर वर्षभर अखंड चालू असल्यामुळे ते कधी कुणाला कळलंच नाही. प्लग काढल्याबरोबर ती सगळं विसरली आणि एक आठवडा एफ वनची वाट बघत बसली, कीबोर्ड नसताना. मी एफ वन दाबला. तीस सेकंदांत पावरीतलं गणित चालू झालं. दारात उभ्या मुलांपैकी एकजण म्हणाला, "सर, आमचं बीजगणिताचं बघायचं राहिलंय, आता किती वेळ चालू राहील?" त्याला पेटी म्हणजे विजेसारखीच वाटत असावी, येते आणि जाते. मला काही बोलता आलं नाही.

ही गोष्ट सांगितली तेव्हा सहकारी म्हणाला, "मग चूक सेलची झाली. फर्मवेअरचा काय संबंध?"

इथेच तर माझं भांडण आहे. रीबूट म्हणजे काय? बदलायचं आहे एका ड्राइव्हमधलं दोन एमबीचं, आणि त्यासाठी तुम्ही अख्ख्या मशीनला पुन्हा जन्म घ्यायला लावता. सेल, बायोस, पॉवर सप्लाय, बूटलोडर, वर्षभर गुपचूप निजलेली प्रत्येक कुरबूर त्या एका क्षणी जागी होते. हाफिसात बसलेल्या माणसाला रीबूट फुकट वाटतो, कारण त्याच्या हातापाशी कीबोर्ड असतो, खाली आयटीवाला असतो, मागे जनरेटर असतो. रीबूटची किंमत शून्य नसतेच. ती फक्त मशीनपासून सगळ्यात लांब असलेल्या माणसाच्या नावावर लिहिली जाते.

आणि हे टाळता येत नाही असं नाही, हे मला जास्त झोंबतं. २०१४ साली आलेल्या एनव्हीएमई १.२ पासून ही सोय प्रमाणातच आहे. एसएसडीच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो, त्याचा प्रोग्राम म्हणजे फर्मवेअर. ते ठेवायला एकापासून सातपर्यंत खण असू शकतात. नवं एका खणात ठेवायचं, जुनं दुसऱ्यात शाबूत, बिघडलं तर मागे जाता येतं. 'आत्ताच चालू कर' म्हटल्यावर ड्राइव्ह आधी कॉम्प्युटरला सांगते की मी बदलायला घेतेय. मग 'थांबलेय' अशी खूण वर करते, कॉम्प्युटर आपले हुकूम रांगेत धरून ठेवतो, ड्राइव्ह नव्या प्रोग्रामवर उडी मारते आणि रांग पुढे सरकते. जास्तीत जास्त किती वेळ लागेल हेही ड्राइव्हने आधीच जाहीर करायचं असतं, शंभर मिलिसेकंदांच्या हिशेबात. लिनक्सला हे सगळं कळतं, तो तेवढं थांबतो. वापरणाऱ्याला जाणवलंच तर व्हिडिओ क्षणभर अडकल्यासारखा वाटेल.

सोपं आहे असं म्हणत नाही. मी स्वतः स्टोरेजमध्ये काम करतो, यातली दुखणी मला माहीत आहेत. चालत्या पंगतीत आचारी बदलायचा आहे. पानं मांडलेली, अर्ध्या पानांत भात पडलेला, आणि नव्या आचाऱ्याने जुन्याने कुठे काय ठेवलंय ते न विचारता ओळखायचं. कुठला डेटा कुठल्या पानावर आहे याचा भलाथोरला नकाशा ड्राइव्ह मेमरीत घेऊन बसलेली असते. नव्या फर्मवेअरने त्या नकाशाची मांडणी बदलली असेल, तर जुना नकाशा नव्याला वाचताच येत नाही. मग रीसेट लागतो. मान्य. पण मग तसं आधी सांगा ना! 'या आवृत्तीला वीज काढावी लागेल' हे सूचनेच्या पहिल्या ओळीत, ठळक छापा. मी ती रात्र निवडलीच नसती, परीक्षा संपेपर्यंत थांबलो असतो.

खुद्द मेमरीची गोष्ट आणखी अवघड. ड्राइव्हकडे मागितलेलं थोडं उशिरा आलं तर चालतं, रॅमकडे मागितलेलं उशिरा आलेलं प्रोसेसरला चालत नाही. तरीही लोकांनी ते करून दाखवलं. इंटेलच्या ऑप्टेन मेमरीसाठी २०२० मध्ये लिनक्स ५.९ मध्ये चालू मशीनवर फर्मवेअर बदलायची सोय आली. त्यात हायबरनेटच्या वाटेने सगळं क्षणभर गोठवून काम उरकायचाही एक मार्ग होता. ऑप्टेनचा धंदा इंटेलने २०२२ मध्ये गुंडाळला, ती गोष्ट वेगळी. पुढे २०२३ मध्ये लिनक्स ६.५ मध्ये सीएक्सएल मेमरीचंही फर्मवेअर चढवायची सोय झाली. म्हणजे ज्यांना करायचं असतं ते करतात.

आणि कोण करायला लावतं तेही बघा. फेसबुक आणि मायक्रोसॉफ्ट यांनी २०२० मध्ये ओपन कम्प्युटमार्फत आपल्या एसएसडींसाठी अटींचा कागद काढला. त्यात रीसेट न करता फर्मवेअर चालू करता येणं ही अटच आहे, विनंती नाही. लाखाने ड्राइव्हज घेणाऱ्याला कोण नाही म्हणणार? म्हणजे जिथे मशीनशेजारी चोवीस तास माणूस आहे, दोन-दोन वीजजोडण्या आहेत, त्यांना रीबूट माफ. आणि जिथे माणूस एक आठवडा आणि एक घाट दूर आहे, त्यांना 'कृपया रीस्टार्ट करा'. उलटा न्याय! लिनक्सवर साध्या माणसांसाठी फर्मवेअर चढवणारं फडब्ल्यूअपडी म्हणून चांगलं साधन आहे. त्यातही एनव्हीएमईसाठी सरसकट वाट आहे ती पुढच्या रीबूटची. लगेच चालू करायचं असेल तर त्या मॉडेलसाठी वेगळी खूण घालावी लागते. दोष त्यांचा नाही, कंपनीने छातीठोकपणे सांगितल्याशिवाय ते तरी कसे घालणार?

आपण फ्रिज घेताना तारे मोजतो. वीज बचतीचे ते तारे कंपन्यांनी प्रेमाने नाही लावले, लावायला लागले. तसंच एसएसडीच्या खोक्यावर छापायला लावा: फर्मवेअर रीसेटशिवाय बदलतं का, किती वेळ थांबते, मागे जाता येतं का. शाळा, दवाखाने, तहसील यांच्यासाठी सरकार जेमवरून कॉम्प्युटर घेतं, तिथल्या निविदेत ही एक ओळ घालायला काय जातं? आकारमान, वेग, वॉरंटी सगळं विचारतात. नंदुरबारच्या पाड्यावर कोण एफ वन दाबणार, हे कुणी विचारत नाही. आणि ज्या ड्राइव्हने त्या बिटात १ लिहून ऐन वेळी नाही म्हटलं, ती सदोष माल म्हणून परत घ्यायला हवी. बिट म्हणजे शोभेचा कुंकवाचा टिळा नव्हे.

सहकाऱ्याला हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "तू फार भावनिक होतोस." असेन. तोपर्यंत ताक गरम झालं होतं.

असो. पेटी अजून चालू आहे. सेल नवा घातलाय, बायोसमध्ये 'एरर आली तरी थांबू नकोस' हेही लावलंय, आणि सरांकडे एक जुना कीबोर्ड देऊन ठेवलाय, एफ वनवर लाल टिकली चिकटवून. मागच्या महिन्यात त्याच कंपनीची आणखी एक सूचना आली. ड्राइव्हला पुन्हा विचारलं. बिट अजूनही १ आहे. फाईल उतरवून ठेवलीय, चढवलेली नाही. दिवाळीच्या सुट्टीत वर जाईन तेव्हा बघू.